वाटणी आणि हजेरी

गोष्ट निकालाच्या दिवसाची आहे. निकाल दुपारी एक वाजता लागायचा होता, आणि पाऊण वाजल्यापासूनच आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. घरोघरी मोबाइल आहेत हे खरे. पण निकाल शाळेत येऊन, सरांच्या समोर पाहायचा, ही आमच्या गावची रीत अजून मोडलेली नाही. एक वाजला. मी पहिल्या मुलीचा क्रमांक टाकला, बटण दाबले, आणि पडद्यावर एक लहानसे चक्र फिरू लागले. ते पाच मिनिटे फिरले, दहा मिनिटे फिरले. मधूनच पडदा पांढरा होई, त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटत, की पुन्हा चक्र सुरू. ती मुलगी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. तिची आई शेतातून तशीच आली होती. हाताची माती वाळलेली होती. त्या पाऊण तासात त्या दोघींच्या चेहऱ्यांवर जे काही येऊन गेले, ते मला माझ्या एकाही कादंबरीत उतरवता आलेले नाही.

योगायोगाने आमचा एक जुना विद्यार्थी त्या दिवशी गावात होता. पुण्यात एका कंपनीत तो याच कामावर आहे. तो खिडकीतून डोकावून म्हणाला, "सर, मागे यंत्रे पुष्कळ असतील हो. पण दारात उभा राहून वाटणी करणारा धड नसेल. नाहीतर वाटणी करत असेल आणि हजेरी घेत नसेल."

निकाल अखेर पावणेदोनला दिसला. मुलगी पास झाली, पेढे आले, गर्दी पांगली. पण 'हजेरी' हा शब्द माझ्या कानात राहिला. बावीस वर्षे रोज सकाळी मी जे काम करत आलो, ते काम यंत्रांच्या राज्यातही कोणाला तरी करावे लागते, हे मला नवे होते. त्या संध्याकाळी मी त्याला ओट्यावर बसवून घेतले आणि विचारले, "अरे, हा वाटणी करणारा आला कुठून?" त्याला त्याचे काम ठाऊक होते, इतिहास ठाऊक नव्हता. तो मी नंतर हळूहळू गोळा केला. माझे गणित मॅट्रिकपाशीच थांबले, तेव्हा जेवढे मला उमगले तेवढेच येथे सांगतो.

आधी वस्तू काय ते सांगितले पाहिजे. कोणत्याही मोठ्या वेबसाइटच्या मागे एकच यंत्र नसते. दहा, शंभर, हजार असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. आपण मात्र पत्ता एकच टाकतो. त्या एका पत्त्यावर जो उभा असतो, येणाऱ्या प्रत्येकाला "तू तिकडे जा, तू इकडे ये" असे सांगत असतो, तो लोड बॅलन्सर. आज हे सर्व्हर बहुधा क्लाउडमध्ये असतात. क्लाउड म्हणजे ढग खरे, पण हा ढग आभाळात नसून कोणाच्या तरी मोठ्या इमारतीत असतो, आणि तिथली यंत्रे आपण तासाच्या बोलीने भाड्याने घेतो. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणाव्यात, तसे.

या वस्तूचा उगम शोधत मी मागे मागे गेलो, आणि पोचलो थेट डेन्मार्कमध्ये, एका शाळामास्तराच्या घरी. एका मास्तराला याहून मोठा आनंद तो कोणता?

आग्नेर क्रारूप एर्लांग हा १ जानेवारी १८७८ रोजी जटलंड प्रांतातल्या लोन्बोर्ग नावाच्या खेड्यात जन्मला. वडील तिथल्याच शाळेचे मास्तर. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला परीक्षेला बसला. वय कमी म्हणून त्याला खास परवानगी काढावी लागली होती. उत्तम तऱ्हेने पास झाला आणि घरी परत येऊन दोन वर्षे वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. पुढे विद्यापीठ झाले, १९०१ साली पदवी मिळाली, आणि मग पुन्हा मास्तरकी. जवळजवळ सात वर्षे त्याने वेगवेगळ्या शाळांतून शिकवले. मात्र गणिताच्या मंडळाच्या बैठकींना जाण्याचा नेम त्याने सोडला नाही. तिथे त्याची गाठ योहान येन्सेन यांच्याशी पडली. हे येन्सेन कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता, आणि फावल्या वेळात असे गणिती की त्यांच्या नावाची असमानता आजही महाविद्यालयांतून शिकवतात. त्यांनी या मास्तराला कंपनीत ओढले. साल १९०८.

त्या काळचे टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एक लांब दालन, समोर भोकांनी भरलेल्या उंच फळ्या, आणि फळ्यांपुढे ओळीने बसलेल्या मुली. कोणी घरून रिसीव्हर उचलला की फळीवर खूण होई, मुलगी विचारी "कोण हवे?", आणि हातातली तार योग्य त्या भोकात खुपसून देई. कंपनीपुढचा प्रश्न साधा होता आणि म्हणूनच अवघड होता. मुली किती ठेवायच्या? तारा किती टाकायच्या? कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक खोळंबते. जास्त ठेवल्या तर पगार फुकट जातो. बरे, गिऱ्हाइके काही एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. दहा मिनिटे शुकशुकाट असतो आणि मग एका मिनिटात वीस जण रिसीव्हर उचलतात.

एर्लांगने त्या "विचारून करत नाहीत" यातच हात घातला. १९०९ साली त्याने निबंध लिहून दाखवले की अशा स्वतंत्रपणे येणाऱ्या हाकांच्या बेशिस्तीलाही एक शिस्त असते, आणि ती संभाव्यतेच्या गणितात पकडता येते. १९१७ साली त्याने ती प्रसिद्ध सूत्रे दिली. इतक्या तारा, इतका भार, तर किती जणांना तार मिळणार नाही, किंवा किती वाट पाहावी लागेल, ते त्यांवरून काढता येते.

हे सूत्र काय चमत्कार करते तो एस. टी. स्टँडवर पाहा. दोन खिडक्या आहेत. प्रत्येक प्रवाशाला सरासरी तीन मिनिटे लागतात. कोणाला एक, कोणाला सात. कारकून शंभर मिनिटांतली ऐंशी मिनिटे कामात आहे, म्हणजे वीस मिनिटे मोकळा आहे. वरकरणी सारे आलबेल. दोन खिडक्यांपुढे दोन वेगळ्या रांगा असल्या आणि माणसे मनाला येईल त्या रांगेत शिरून तिथेच राहिली, तर हिशेब सांगतो की माणसाला सरासरी बारा मिनिटे उभे राहावे लागते. आता खिडक्या त्याच, कारकून तेच, प्रवासी तेच. फक्त रांग एकच करा आणि जी खिडकी रिकामी होईल तिथे पुढच्याला पाठवा. बारा मिनिटांची पाच मिनिटे वीस सेकंद होतात! एक पैचा खर्च नाही. एका खिडकीपुढे माणूस निमूट उभा असताना शेजारची खिडकी रिकामी बसलेली असते, तेवढे फक्त टळले.

त्याच हिशेबाचा दुसरा भाग मात्र भीतिदायक आहे. एका खिडकीची एक रांग घ्या. कारकून शंभरात ऐंशी मिनिटे कामात असताना खोळंबा बारा मिनिटांचा. नव्वद मिनिटे कामात असला तर सत्तावीस. पंच्याण्णव झाली तर सत्तावन्न! भार किंचित वाढतो आणि खोळंबा दुपटीने वाढतो. निकालाच्या दिवशी एक वाजता नेमके काय होते, ते मला या तीन आकड्यांनी समजावले. त्यात कोणाचा आळस असायला हवा असे नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यात वाटीभर अधिक ओतले, एवढेच.

एर्लांग खोलीत बसून गणिते करणारा नव्हता. कोपनहेगनच्या रस्त्यांखाली टेलिफोनच्या तारा होत्या. तिथली मोजमापे घ्यायला तो स्वतः भुयारी खड्ड्यांत उतरे, आणि त्याच्यामागून शिडी घेऊन एक कामगार चाले. तो अविवाहित राहिला, जवळजवळ वीस वर्षे त्याच कंपनीत राबला, आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजी एक्कावन्नाव्या वर्षी वारला. १९४६ साली टेलिफोनच्या भाराच्या मापाला 'एर्लांग' हे नाव आंतरराष्ट्रीय समितीने दिले. मास्तराच्या नावाचे माप! आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे मी मुद्दाम मोठ्याने सांगितले.

तारांच्या या कथेत दुसराही एक माजी मास्तर आहे. अमेरिकेतला आल्मन स्ट्राउजर. आधी शाळामास्तर, पुढे कॅन्सास सिटीत अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक. आख्यायिका अशी की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि मयताचे फोन ती परस्पर आपल्या नवऱ्याकडे लावी. खरे-खोटे देव जाणे. पण स्ट्राउजरने चिडून मुलीविना चालणारे एक्स्चेंज बनवले हे खरे. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले, आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी ते सुरू झाले. वाटणी करणाऱ्याने पक्षपात करू नये, ही मागणी इतकी जुनी आहे. त्या धर्तीच्या पुढच्या एक्स्चेंजांत यंत्राचा हात ओळीने एकेक तार चाचपत जाई आणि जी पहिली मोकळी सापडेल तिला धरी. पुढे ज्याला हजेरी म्हणायचे, तिचे बीज मला त्या चाचपण्यात दिसते.

यानंतर मधली बरीच वर्षे ओलांडून १९९३ साली येऊ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मोझेक नावाचा कार्यक्रम तयार झाला. चित्रे आणि मजकूर एकत्र दाखवणारा, कोणालाही चालवता येईल असा. तो फुकट होता. झाले! सारे जग त्या केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. एक यंत्र पुरेना. केट्झ, बटलर आणि मॅग्रा या तिघांनी १९९४ साली आपण काढलेली तोड निबंधात मांडली. महाजालावर नावावरून पत्ता सांगणारी एक व्यवस्था असते. गावात नवखा माणूस आला की पारावरचे लोक जसे घर दाखवतात, तशी. त्यांनी केले असे की एकाच नावाचे अनेक पत्ते त्या व्यवस्थेला देऊन ठेवले आणि सांगितले, पहिल्याला पहिला सांग, दुसऱ्याला दुसरा, शेवटच्यानंतर पुन्हा पहिला. पंगतीत वाढप्याने ओळीने वाढत जावे तसे. सगळ्या यंत्रांना कागदपत्रे एकाच सामाईक कपाटातून मिळत, म्हणून कोणाकडेही गेले तरी उत्तर तेच.

युक्ती सुंदर होती, आणि दोन ठिकाणी लंगडी होती. एक तर सांगितलेला पत्ता लोक लक्षात ठेवतात. एखाद्या मोठ्या संस्थेच्या दारातल्या यंत्राने तो एकदा विचारला, की त्या संस्थेतली हजारो माणसे काही काळ त्याच पत्त्यावर जात राहतात. मग कसली आली वाटणी! दुसरी गोष्ट अधिक वाईट. पारावर बसलेल्याला पत्ता ठाऊक असतो, पण त्या घरात कोणी आहे की घराला कुलूप आहे, हे ठाऊक नसते. पाचांतले एक यंत्र बंद पडले, तरी दर पाचव्या माणसाला तो त्याच दाराशी पाठवत राहतो. तो मनुष्य दार वाजवत बसतो. वाटणी चोख, हजेरी शून्य.

म्हणून मग पारावरचा माणूस उठवून खुद्द दारात आणावा लागला. सर्व रहदारी ज्याच्या हातून जाईल असे यंत्रच मध्ये उभे करायचे, आणि त्याने मागच्या सर्व्हरांची विचारपूस करत राहायचे. १९९६ च्या सुमारास सिस्को कंपनीने 'लोकलडायरेक्टर' नावाची अशी पेटी बाजारात आणली. त्याच वर्षी सिएटलमध्ये एफ-फाइव्ह नावाची कंपनी निघाली आणि १९९७ साली तिची 'बिग-आयपी' आली. कंपनीचे नाव ठेवले ते त्या वर्षी गाजत असलेल्या चक्रीवादळाच्या एका चित्रपटावरून. सर्वांत प्रचंड वादळाला तिथे एफ-फाइव्ह म्हणतात. या पेट्या महाग होत्या. पण ज्ञान फार दिवस पेटीत राहत नाही. चीनमधल्या वेन्सोंग झांग या तरुणाने १९९८ साली हेच काम करणारा कार्यक्रम लिहून लोकांना फुकट दिला. फ्रान्सच्या विली टारोने एचए-प्रॉक्सी लिहिला, तो २००१ साली बाहेर आला. रशियाच्या इगोर सिसोयेव्हचा एन्जिन-एक्स २००४ साली. यांपैकी शेवटचे दोन आजही जगभर दारात उभे आहेत.

आता वाचकहो, एक दुःखाची गोष्ट मध्ये येते.

१९९५ च्या सुमारास, महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत आपल्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न टाकला की ही गर्दी पुढे फार वाढणार आहे, तिचे काय करायचे? टॉम लेटन नावाचे गणिताचे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी तो मनावर घेतला. इतरांसह त्यांनी १९९७ साली एक निबंध वाचला. त्यातली कल्पना वर्गातल्या बाकांवर सांगता येते.

समजा दहा खोल्या आहेत आणि कोणी कोणत्या खोलीत बसायचे हे तुम्ही रोल नंबराला दहाने भागून उरेल त्या बाकीवरून ठरवले. छान चालते. एक दिवस एका खोलीचे छत गळू लागले. आता नऊ खोल्या. म्हणून नऊने भागायचे. करून पाहा: शंभरातली नव्वद मुले खोली बदलतात! गळकी खोली एक, पण दप्तरे उचलून साऱ्या शाळेची पळापळ. या मंडळींनी सुचवले की भागाकार सोडा. एक मोठे वर्तुळ काढा, खोल्या त्या वर्तुळावर जागोजागी मांडा, मुलेही त्याच वर्तुळावर मांडा, आणि प्रत्येकाने उजवीकडे चालत जाऊन जी पहिली खोली लागेल तिच्यात बसावे. एक खोली बंद झाली तर फक्त तिच्यातलीच मुले, म्हणजे शंभरातली सुमारे दहा, पुढच्या खोल्यांत जातात. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. एकाच शेजाऱ्यावर सारा भार पडू नये म्हणून प्रत्येक खोलीच्या खुणा वर्तुळावर अनेक ठिकाणी करतात. इतके साधे! मास्तरांच्या डोक्यात हे हजार वर्षांत कसे आले नाही, असे वाटते.

या कल्पनेवर त्या गुरुशिष्यांनी १९९८ साली आकामाई ही कंपनी उभी केली. जगभर ठिकठिकाणी सर्व्हर ठेवायचे आणि मागणाऱ्याला जवळच्या, मोकळ्या सर्व्हरकडून द्यायचे. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी लेविन बोस्टनहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या विमानात बसला. तेच अकरा क्रमांकाचे उड्डाण, जे न्यूयॉर्कच्या पहिल्या मनोऱ्यावर आदळवण्यात आले. तो एकतीस वर्षांचा होता. त्या दिवशी सारे जग बातम्यांच्या वेबसाइटांवर तुटून पडले आणि त्या कोलमडू लागल्या. सीएनएनने आपल्या पानावरची चित्रे काढून केवळ थोडा मजकूर ठेवला, आणि गूगलने तर आपल्या पहिल्या पानावर लिहिले की बातम्यांसाठी रेडिओ किंवा दूरचित्रवाणी लावा. आकामाईतले लोक तो भार वाहण्यासाठी बसून राहिले. आपला माणूस गेल्याचे त्यांना कळलेले होते, आणि त्याने शोधलेली वर्तुळाची वाट त्या दिवशी त्यांना सर्वांत अधिक लागत होती.

एवढे झाल्यावर वाटणी करणाऱ्याने वाटणी नेमकी कशी करावी, हा प्रश्न उरतो. ओळीने वाढावे, हा एक मार्ग. ज्याच्याकडे कमी काम आहे त्याला द्यावे, हा दुसरा. पण हजार यंत्रांची विचारपूस दर क्षणी करायची कोणी? येथे १९९४ ते १९९६ च्या दरम्यान गणित्यांनी एक गंमत दाखवली. आधी अझार, ब्रोडर, कार्लिन आणि उप्फाल यांनी, आणि मग मिट्झेनमाकर यांनी आपल्या प्रबंधात. दहा लाख मडकी मांडा आणि दहा लाख गोट्या डोळे मिटून टाका. सरासरी प्रत्येकात एक; पण सर्वांत भरलेल्या मडक्यात आठ-नऊ गोट्या सापडतील. आता दर गोटीला कोणतीही दोनच मडकी उचलून पाहा आणि ज्यात कमी आहेत त्यात टाका. सर्वांत भरलेल्या मडक्यात चारच निघतील. साऱ्या दहा लाख मडक्यांत डोकावायची गरज नाही. दोनच पाहिली तरी एवढा फरक. आज कित्येक लोड बॅलन्सर असेच, दोघांकडे पाहून एकाला काम देतात.

क्लाउडचे प्रकरण त्यानंतरचे. अॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये सर्व्हर तासाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. पहिली पावणेतीन वर्षे यंत्रे भाड्याने मिळत, पण दारातला माणूस ज्याचा त्याने आणायचा. लोक फुकट मिळणारा एचए-प्रॉक्सी आणून उभा करत. मे २००९ मध्ये अॅमेझॉनने तोही भाड्याने द्यायला काढला, आणि त्याच्या जोडीला गर्दी पाहून यंत्रे वाढवणारी-घटवणारी व्यवस्थाही. जून २०१६ मध्ये त्यांची यंत्रे मुंबईत आली.

आमच्या विद्यार्थ्याने मला एकदा लॅपटॉपवर हा दारवान उभा करून दाखवला. वीस मिनिटांचे काम! कोणत्या दारावर उभे राहायचे ते सांगायचे, मागच्या यंत्रांची यादी द्यायची, यंत्रे एकाच इमारतीत न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागायची, आणि शेवटी हजेरीचे नियम. यातले नियम वाचताना मला माझे हजेरीपुस्तकच आठवले. दर तीस सेकंदांनी प्रत्येक यंत्राला एक विशिष्ट पान मागायचे. पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर ती गैरहजेरी. लागोपाठ दोनदा गैरहजर, तर नाव काढून टाकायचे, त्याच्याकडे कोणाला पाठवायचे नाही. परत घ्यायचे तर मात्र लागोपाठ पाच वेळा हजर राहून दाखवावे लागते. आणि एखादे यंत्र आपण होऊन कमी करायचे असेल, तर हातातले काम संपवायला त्याला तीनशे सेकंद देतात. अर्धवट लिहिलेला पेपर ओढून घेत नाहीत. हे सारे आकडे बदलता येतात. न बदलले तर असे.

"मग अडते कुठे?" मी विचारले.

"सर, तुमच्या वर्गात मागच्या बाकावरून दुसऱ्याची हजेरी लावायचो ना आम्ही?" तो हसत म्हणाला. "तसंच आहे. यंत्र 'हजर' म्हणतं, पण त्याच्या हातात काही नसतं."

हाच खरा पेच आहे. हजेरीला "आहेस का?" एवढेच विचारले, तर ज्याचा माहितीच्या कोठाराशी संबंध तुटला आहे तेही यंत्र "हजर!" म्हणते. उलट फार खोलात विचारावे, "कोठारापर्यंत जाऊन ये आणि मग सांग", तर कोठार जरा मंदावले की सगळीच यंत्रे एका वेळी गैरहजर ठरतात आणि सारा वर्गच बाहेर काढला जातो. तशी पाळी आली तर अॅमेझॉनच्या व्यवस्थेत एक शहाणपणाचा नियम ठेवला आहे. सगळेच गैरहजर दिसले, तर हजेरीपुस्तकाकडे दुर्लक्ष करून सर्वांकडे पूर्वीसारखे काम पाठवायचे. मुख्याध्यापकांनी हा नियम मला मागच्या वर्षी, लग्नसराईतल्या एका सोमवारी सांगितला असता, तर फार बरे झाले असते. असो.

हा पेच किती खरा आहे ते साऱ्या जगाने पाहिले, आणि तोही ऐन दिवाळीत. २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी. आपल्याकडे दुपारचे बारा वाजून अठरा मिनिटे झाली होती; अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९ तारखेची मध्यरात्र व्हायची होती. अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या यंत्रसमूहात माहितीच्या एका मोठ्या कोठाराचा पत्ताच पुसला गेला. पत्ता लिहिणारी दोन स्वयंचलित यंत्रणांची जोडी एकमेकींच्या पायात पाय घालून पडली आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. स्नॅपचॅट, सिग्नल अशा कितीतरी सेवा अडखळल्या. पत्ता दोन-अडीच तासांत परत लिहिला गेला. पण त्याच्या मागोमाग दुसरे संकट आले, आणि ते हजेरीचे होते.

नवी यंत्रे उभी राहत होती, पण त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते आखून व्हायला उशीर लागत होता. हजेरी घेणारा येई, नाव पुकारी, उत्तर येत नसे. म्हणून नाव काढी. पुढच्या खेपेला रस्ता झालेला असे, उत्तर येई. म्हणून नाव पुन्हा घाली. मग पुन्हा काढी. वास्तविक यंत्रे धडधाकट होती. या काढण्या-घालण्याचा भार स्वतः हजेरी घेणाऱ्या यंत्रणेवरच इतका पडला की ती धापा टाकू लागली, आणि धापा टाकता टाकता चांगल्या यंत्रांनाही बाहेर काढू लागली. हे आपल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू झाले. अंगणात पणत्या लावण्याची वेळ. आमचा विद्यार्थी दुपारच्या पानावरून उठला होता तो अजून माजघरात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला होता, कारण त्याच्या कंपनीची काही यंत्रे तिकडे होती.

रात्री दहा वाजून सहा मिनिटांनी अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी ठरवले की गैरहजर दिसणाऱ्यांना आपोआप बाहेर काढण्याचे काम बंद करायचे. हजेरीपुस्तक मिटले. बाहेर काढलेली सारी धडधाकट यंत्रे आपापल्या जागी परत आली आणि तुटलेली जोडणी सुधारू लागली. नवी यंत्रे नीट उभी राहू लागल्यावर, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडण्यापूर्वी, पहाटे दोन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी ती हजेरी पुन्हा सुरू करण्यात आली.

मी सकाळी फराळाला त्याच्या घरी गेलो तेव्हा तो झोपला होता. त्याच्या आईने मला चकलीची ताटली दिली आणि म्हणाल्या, "सर, तो रात्री तीनला उठून दिवा मालवायला बाहेर आला, तेव्हा तुमचं नाव काढत होता. म्हणाला, सरांना सांग, हजेरीमुळेच बुडालो होतो."